पोटरीतला गोळा आणि पुरवणीतले चौदा उपाय

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत पायांत येणाऱ्या गोळ्यांवर चौदा घरगुती उपाय एकाखाली एक छापले होते. केळे खावे, नारळपाणी प्यावे, लोणच्याचा खार चाटावा, मोहरीचे तेल चोळावे, मॅग्नेशियमची गोळी घ्यावी, पलंगपोसाखाली साबणाची वडी ठेवावी अशा त्या यादीत नवव्या क्रमांकावर ‘पोटऱ्यांना ताण द्यावा’ एवढे तीन शब्द होते. ताण कसा द्यावा, किती वेळ द्यावा, गुडघा वाकवावा की सरळ ठेवावा, याविषयी एक अक्षरही नव्हते. माझी तक्रार त्या तीन शब्दांविषयी आहे. गोळा आलेल्या माणसाला त्या क्षणी ज्याचा खरोखर उपयोग होतो असा चौदांतला उपाय हाच, आणि नेमका तोच आपण साबणाच्या वडीच्या पंगतीला बसवला आहे.

मी डॉक्टर नव्हे. पुण्यातल्या एका शाळेत ३४ वर्षे फळ्यासमोर उभे राहून गणित शिकवले आणि निवृत्तीनंतर या दुखण्याने मला रात्री-अपरात्री उभे राहायला लावले, एवढाच माझा अधिकार. पहाटे तीनच्या सुमारास झोपेतच पाय ताणून आळस द्यायला जावे, पावलाचा चवडा खाली वळावा, आणि त्याच क्षणी कोणीतरी पोटरीला ओल्या धोतरासारखा पीळ घालावा, तसे होते. हात लावला तर आत कच्च्या पेरूएवढा टणक गोळा लागतो. तो मिनिटाभरात सुटतो, कधी पाच-सात मिनिटे घेतो. पण गेल्यावरही दुसऱ्या दिवशी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना तो नेमका कुठे होता हे पायरीपायरीला कळते. याला कोणी पेटका म्हणतात, कोणी वांब म्हणतात, तर कोणी ‘नस चढली’ म्हणतात. प्रत्यक्षात नस कुठेही चढत नाही. स्नायू आपण होऊन आवळतो आणि सैल व्हायचे विसरतो. साठी उलटलेल्यांत हे इतके सर्रास आढळते की आमच्या सकाळच्या कट्ट्यावर गोळा न आलेला माणूस शोधावा लागेल.

माझ्या लहानपणी वडिलांना रात्री गोळा आला की आई अंधारातच म्हणत असे, ‘अहो, आधी उठा आणि फरशीवर पाय टेका.’ वडील खुंटी धरून शहाबादी फरशीवर उभे राहत, दातावर दात दाबून दोन-चार पावले टाकत आणि थोड्या वेळाने निमूट येऊन आडवे होत. गार फरशीने नस उतरते अशी आमच्या घरात समजूत होती. त्यात गारव्याचा काही वाटा नव्हता हे मला फार उशिरा उमगले, कारण आताच्या फ्लॅटमध्ये मी सतरंजीवर उभा राहिलो तरी गोळा तितक्याच वेळात सुटतो. काम होत होते ते उभे राहण्याने. अंगाचा भार टाचेवर आला की घोटा दुमडतो, पोटरीचा आवळलेला स्नायू नाइलाजाने लांबतो आणि लांबला की सुटतो. आईचा उपाय अगदी बरोबर होता, फक्त त्याचे श्रेय फरशीला जात होते.

हेच मी गेल्या वर्षी पालख्यांच्या मुक्कामात अगदी जवळून पाहिले. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते, त्या दोन दिवसांत त्या भागातल्या ओसऱ्या, शाळा, दुकानांचे कट्टे वारकऱ्यांनी भरून जातात आणि ठिकठिकाणी मंडळांचे कार्यकर्ते तेलाची भांडी घेऊन त्यांचे पाय चेपायला बसतात. मीही अशाच एका ओसरीवर चहा वाटत होतो. साठीचे एक वारकरी पाय पसरून बसले होते ते एकाएकी ‘विठ्ठला!’ म्हणून ओरडले आणि त्यांनी पोटरी दोन्ही हातांनी घट्ट धरली. कातडीखाली तो स्नायू फडफडताना उघड दिसत होता. तेल लावणारा तरुण भांबावून आणखी जोराने चोळू लागला, तसे ते आणखीच कळवळले. तेवढ्यात त्यांच्याच दिंडीतला एक जण पुढे झाला. त्याने त्यांची टाच आपल्या तळहातात घेतली, पाऊल आपल्या छातीला टेकवले, दुसऱ्या हाताने गुडघा खाली दाबून सरळ केला आणि छातीने पाऊल हळूहळू पुढे, म्हणजे त्या वारकऱ्यांच्या नडगीच्या दिशेने, रेटत नेले. झटका नाही, घाई नाही. मी मनात आकडे मोजत होतो. तीसच्या आत त्यांचा चेहरा निवळला. त्या तरुणाने विचारले, ‘माउली, हे कुठे शिकलात?’ तर पाऊल रेटणारा तो दिंडीकरी म्हणाला, ‘बैलाचा पाय आखडला की असंच करतो.’

या प्रसंगातला गुडघा विसरू नये. पोटरीचा वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्याही वर, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून निघतो आणि टाचेला जाऊन मिळतो. त्यामुळे गुडघा वाकलेला असेल तर पाऊल कितीही ओढले तरी वरच्या बाजूने तो ढिलाच राहतो आणि ताण पुरेसा बसत नाही. पुष्कळ लोक गोळा आला की गुडघा पोटाशी घेतात आणि पोटरी दाबत बसतात. त्यांचा गोळा लांबतो तो यामुळे. एकट्याने करायचे असेल तर अंथरुणावरच पाय सरळ लांब करून बोटे नडगीकडे ओढावीत आणि हात पोहोचत नसेल तर पंचा चवड्याखालून घालून त्याची दोन टोके स्वतःकडे खेचावीत. पायाचा अंगठा ओढायचा जुना उपाय घरोघर ठाऊक आहे. अंगठा पुढे ओढला तर काही साधत नाही. वर, नडगीकडे ओढला तर अख्खे पाऊल वळते आणि मग साधते.

ताणाने स्नायू का सुटतो याचे आज दिले जाणारे स्पष्टीकरण असे आहे की, टाचेमागच्या जाड शिरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीत, ताण मोजणारी मज्जातंतूंची टोके असतात. त्या शिरेवर ताण आला की ती मज्जारज्जूकडे निरोप धाडतात आणि स्नायूला ‘आवळ, आवळ’ म्हणून जाणारे हुकूम थांबतात. झोपेत पाऊल खालच्या बाजूला कललेले असते, पोटरी आधीच आखूड झालेली असते, त्या शिरेवर ताण जवळजवळ नसतो; अशा वेळी स्नायू थोडासा जरी आवळला तरी त्याला आवरणारे कोणी नसते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वाताचे म्हणून जे ८० विकार सांगितले आहेत त्यांत ‘पिंडिकोद्वेष्टन’ म्हणजे पोटरीला पीळ पडणे हेही एक आहे. नाव ठेवणाऱ्याला स्वतःला गोळा येत असणार, असे मला तो शब्द वाचताना नेहमी वाटते.

आता प्रतिबंधाकडे वळतो, कारण पुरवणीतले बरेचसे उपाय गोळा येऊच नये म्हणून सांगितलेले होते. १९७९ साली अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात डॅनिएल नावाच्या एका डॉक्टरांचा या विषयावर मजकूर प्रसिद्ध झाला. तो लेख नव्हता, संपादकांना लिहिलेले पत्रच होते, ही गोष्ट संपादकांना पत्रे लिहिण्याची खोड असलेल्या माझ्यासारख्या पुणेकराला सुखावणारी आहे. त्यांचा उपाय साधा होता. अनवाणी, भिंतीपासून दोन-तीन फुटांवर उभे राहायचे, दोन्ही तळहात भिंतीला टेकवायचे, टाचा जमिनीवरून न उचलता आणि गुडघे सरळ ठेवून अंग पुढे झुकवायचे, पोटरीत ताण जाणवला की दहा सेकंद तसेच थांबायचे, थोडे सैल सोडून पुन्हा करायचे. असे दिवसातून तीनदा. त्यांनी लिहिले की ४४ रुग्णांचा त्रास आठवड्याभरात थांबला.

गणिताच्या शिक्षकाला ४४ पैकी ४४ हा आकडा संशयास्पद वाटतो आणि तो तसा वाटायलाच हवा, कारण ज्यांनी ताण दिला नाही अशा लोकांशी तुलनाच तेथे नव्हती. तशी तुलना पुढे झाली. २००५ मध्ये इंग्लंडमध्ये, गोळे येऊ नयेत म्हणून क्विनीन हे मलेरियावरचे जुने औषध आधीपासून घेत असलेल्या वयस्कर रुग्णांवर झालेल्या पाहणीत या व्यायामाचा काही फायदा दिसला नाही. २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांवरील ८० जणांवर दुसरा प्रयोग झाला. निम्म्यांनी सहा आठवडे रोज झोपण्याच्या आधी पोटरीला आणि मांडीच्या मागच्या स्नायूंना ताण दिला, निम्म्यांनी दिला नाही. ताण देणाऱ्यांचे गोळे दुसऱ्या गटाच्या तुलनेत रात्रीमागे सरासरी एकापेक्षा थोडे जास्तच कमी झाले. म्हणजे हा रामबाण नाही. एका ठिकाणी लागू पडला, एका ठिकाणी पडला नाही. तरीही ज्याला पैसा पडत नाही, ज्याचा इतर कोणत्याही औषधाशी झगडा नाही आणि ज्याला दात घासण्याइतकाच वेळ लागतो, तो उपाय आधी करून पाहावा असे माझे मत आहे. मी झोपण्यापूर्वी तो गेली पाच वर्षे करतो आणि ज्या रात्री कंटाळा करतो तिची आठवण पहाटे बहुधा होतेच.

केळ्याविषयी बोलायचे तर केळे उत्तम फळ आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पोटॅशियम कमी पडल्याने गोळे येतात आणि केळ्यात ते भरपूर असते, म्हणून केळे, असा हा हिशेब आहे. २०१२ मध्येच झालेल्या एका प्रयोगात व्यायाम केलेल्या पुरुषांना केळी खायला देऊन त्यांचे रक्त तपासले, तेव्हा दोन केळ्यांइतका भाग खाऊनही पोटॅशियममधली वाढ किरकोळ होती आणि तीही तासाभराने दिसली. तोवर गोळा येऊन, रडवून, निघूनही गेलेला असतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांना मात्र केळी आणि नारळपाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नये, कारण त्यांच्या शरीरातून पोटॅशियम पुरेसे बाहेर पडत नाही आणि ते वाढले तर हृदयावर बेतते. चौदा उपायांच्या त्या यादीत ही ओळ असायला हवी होती.

लोणच्याच्या खाराची गोष्ट अधिक गमतीची आहे. अमेरिकेत काकडीचे जे लोणचे असते त्याचा खार म्हणजे मीठ आणि व्हिनेगरचे पाणी. २०१० मधील एका प्रयोगात विजेच्या झटक्यांनी पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत मुद्दाम पेटका आणून तो खार आणि साधे पाणी पाजून पाहिले, तर खार प्यायल्यावर पेटका सुमारे दीड मिनिटात, पाण्यापेक्षा लवकर सुटला. एवढ्या वेळात त्यातले मीठ रक्तात पोहोचूच शकत नाही आणि रक्त तपासले तर त्यात फरकही नव्हता. म्हणून अभ्यासकांचा कयास असा की, घशाला बसलेल्या त्या आंबट झटक्यानेच मज्जातंतूंचे लक्ष उडते. आपल्या लोणच्याचा खार म्हणजे तेल, मोहरी, तिखट आणि वर चार चमचे मीठ. त्याच्यावर असा प्रयोग झालेला माझ्या वाचनात नाही. आणि जागतिक आरोग्य संघटना ज्या मिठाला दिवसाला ५ ग्रॅमची मर्यादा घालते ते मीठ, रक्तदाबाच्या रुग्णाने रात्री तीन वाजता बरणीतून चाटावे असा सल्ला वर्तमानपत्राने देऊ नये.

मिठाचे म्हणून जे खरे काम आहे ते वेगळ्या माणसांचे आहे. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या खोल, उष्ण कोळसा खाणींत मजुरांना भयंकर पेटके येत. ते घामाच्या धारांनी निथळत आणि वर नुसते पाणी पीत. हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिले की त्यांना पाण्याची नव्हे, घामातून गेलेल्या मिठाची तूट येते. पाण्यात थोडे मीठ घालून दिले की पेटके थांबतात. आपल्याकडे मार्केट यार्डात पोती वाहणारे हमाल, उन्हात स्लॅबवर उभे राहणारे बिगारी, दिवे घाट चढणारे वारकरी यांची गत त्या खाणमजुरांसारखीच असते. त्यांना मीठ-जिरे घातलेले ताक, मीठ-साखरेचे लिंबूपाणी किंवा एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती जलसंजीवनीचे मिश्रण जरूर द्यावे. मी मात्र दुपारी पंख्याखाली वर्तमानपत्र वाचतो. मला घाम येतो तो शब्दकोडे अडले तर. शिवाय लांब पल्ल्याच्या शर्यतींत ज्यांना पेटके आले आणि ज्यांना आले नाहीत अशा स्पर्धकांचे रक्त तपासले असता पाणी आणि क्षार यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही, त्यामुळे आता बरेच अभ्यासक स्नायूचा थकवा हेच मुख्य कारण मानतात. ऋतूचा संबंध तर घामाच्याही पलीकडचा दिसतो. कॅनडासारख्या थंड देशातही रात्रीच्या गोळ्यांची तक्रार भर उन्हाळ्यात हिवाळ्याच्या जवळपास दुप्पट असते.

मॅग्नेशियम आणि साबण यांना मी एकाच परिच्छेदात घेतो, यात मॅग्नेशियमचा अपमान करण्याचा हेतू नाही. २०१७ मध्ये इस्रायलमध्ये ९४ जणांवर प्रयोग झाला. काहींना महिनाभर मॅग्नेशियम दिले, काहींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. मॅग्नेशियम घेणाऱ्यांचे गोळे आठवड्याला सरासरी तिनापेक्षा थोडे जास्त कमी झाले. खोट्या गोळ्या घेणाऱ्यांचेही सुमारे तीनच कमी झाले. हा निकाल मी दोनदा वाचला, कारण माझ्या साबणाच्या वडीचे कोडे त्याने सोडवले. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला सल्ला वाचून आमच्या सौ.ने एकदा मोगऱ्याच्या वासाची वडी माझ्या पायाशी गादीवर ठेवली. पंधरा दिवस एकही गोळा आला नाही. आम्ही चार घरी तो उपाय सांगितला. सोळाव्या रात्री असा गोळा आला की वडी पलंगाखाली जाऊन पडली. हे दुखणे मुळातच लाटांसारखे येते आणि ओसरते. माणूस उपाय शोधतो तो लाट सर्वांत उंच असताना, त्यामुळे त्यानंतर ती ओसरतेच आणि श्रेय हाताशी असेल त्या वस्तूला मिळते. गर्भवती स्त्रियांच्या बाबतीत मॅग्नेशियमविषयीचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. तेथे त्यांच्या डॉक्टरांचेच ऐकावे.

तेलाविषयी आणि काशाच्या वाटीविषयी थोडे. रात्री तळपायांना कोमट तेल लावून काशाच्या वाटीने घासण्याची आपली पद्धत मला फार प्रिय आहे. झोप त्याने खरोखर गाढ लागते. तळवे काळे पडतात ते मात्र अंगातली उष्णता बाहेर आल्यामुळे नव्हे, तर वाटीच्या धातूची झीज तेलात मिसळल्यामुळे. गोळा सुटून गेल्यावर मागे राहिलेली ठणक गरम पाण्याच्या पिशवीने आणि हलक्या हाताच्या चोळण्याने लवकर जाते. आवळलेल्या स्नायूवर मात्र आधी ताण द्यावा, तेल मागाहून लावावे. ओसरीवरच्या त्या तरुणाची चूक क्रमाची होती.

क्विनीनचे नाव आपल्या यादीत नव्हते हे बरे झाले, पण जुन्या पिढीत कोणाला तरी ते ठाऊक असतेच. त्याने गोळे काही प्रमाणात कमी होतात हे खरे, तथापि रक्तातील प्लेटलेट्स एकाएकी घसरणे आणि हृदयाचे ठोके बिघडणे असे त्याचे धोके इतके गंभीर आहेत की, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९४ मध्येच पायांतल्या गोळ्यांसाठी ते चिठ्ठीविना विकण्याला बंदी घातली. २०२४ मध्ये चीनमधल्या वृद्धांवर झालेल्या प्रयोगात के-२ या जीवनसत्त्वाने चांगला गुण आला असे प्रसिद्ध झाले आहे. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन ज्यांना चालू आहे त्यांनी मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये, आणि इतरांनीही एका प्रयोगावर दुकान गाठू नये.

माझी स्वतःची फसगत सांगतो, कारण घरगुती उपायांच्या यादीत एक प्रश्न नेहमी गाळला जातो. काही वर्षांपूर्वी माझे गोळे महिन्यातून एकावरून आठवड्यातून चारांवर गेले. आमच्या भागातल्या एका औषधाच्या दुकानातून, काउंटरवरच्या मुलाने ‘काका, सगळे हेच नेतात’ म्हणून दिलेली मॅग्नेशियम आणि जीवनसत्त्वांची पाकिटे मी आठ महिने इमानाने खाल्ली. एके दिवशी ताप आला म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो आणि उठता उठता पायांतल्या गोळ्यांचा विषय काढला. त्यांनी एकच विचारले, ‘मास्तर, बीपीची गोळी कधी बदलली?’ बदलली होती नऊ महिन्यांपूर्वी. नव्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते आणि त्यातून पोटॅशियम वाहून जात होते. रक्त तपासल्यावर ते कमी निघाले, त्यांनी गोळी बदलून दिली आणि महिन्याभरात मी पुन्हा जुन्या वेळापत्रकावर आलो. म्हणजे केळीवाल्यांचे निदान माझ्यापुरते बरोबर होते. पण नळ उघडा असताना बादलीत केळी टाकून काय होणार? लघवीची औषधे, कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन औषधे आणि दम्यासाठी ओढायची दीर्घकाळ काम करणारी काही औषधे यांच्याबरोबर गोळ्यांची तक्रार वाढलेली आढळते. यातले कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. गोळे नव्याने वाढले असतील तर औषधांची पिशवी उचलून डॉक्टरांसमोर ओतावी.

आणखी दोन प्रसंगी घरगुती उपाय दूर ठेवावेत. चालताना ठरावीक अंतरावर पोटरी भरून येते आणि थांबले की मोकळी होते, हा गोळा नव्हे. तो पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचा इशारा असू शकतो आणि मधुमेही व धूम्रपान करणाऱ्यांनी तो विशेष मनावर घ्यावा. तसेच एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागू लागली, लाल झाली आणि दुखणे सुटतच नाही, तर खोलवरच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता धरून तडक रुग्णालयात जावे. अशा पायाला तेल लावून रगडणे अत्यंत घातक आहे, कारण गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. लांबचा प्रवास करून आलेल्या किंवा शस्त्रक्रियेनंतर अंथरुणावर असलेल्या माणसाचे पाय प्रेमाने चेपायला बसणाऱ्या घरच्यांना हे कोणीतरी सांगायला हवे. पाय रोजच वळू लागले, बधिर होऊ लागले किंवा त्यांतली शक्ती कमी झाली तरीही थांबू नये. मधुमेह, थायरॉइड, मणक्याची दुखणी यांची तपासणी करून घ्यावी.

झोपण्याच्या सवयींतही थोडी सुधारणा करता येते. जड गोधडी पायाशी गादीखाली घट्ट खोचली की पावले रात्रभर खाली दाबलेली राहतात. ती सैल सोडावी. पालथे झोपणाऱ्यांनी पावले गादीच्या कडेबाहेर लोंबू द्यावीत. दिवसभर दुकानात, वर्गात किंवा ओट्यापाशी उभे राहणाऱ्यांनी अधूनमधून टाचा उचलून खाली टेकवाव्यात. फळ्यासमोरच्या ३४ वर्षांत हे मला कोणी सांगितले नाही.

महिन्याभरात पालख्या पुण्यात येतील. मुक्कामाच्या वेळापत्रकाचे पान आपण दरवर्षी छापता आणि ते सेवेकऱ्यांच्या तंबूंत चिकटवलेले मी पाहिले आहे. त्या पानाच्या एका कोपऱ्यात दोन रेखाचित्रे द्यावीत एवढी विनंती आहे. एकात भिंतीला हात टेकून, टाचा जमिनीवर ठेवून पुढे झुकलेला माणूस असावा आणि दुसऱ्यात एकाने दुसऱ्याचा गुडघा सरळ दाबून त्याचे पाऊल नडगीकडे रेटलेले असावे. जागा कमी पडली तर केळे गाळावे.

आपला नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षक,
सदाशिव पेठ, पुणे

ता. क. : भिंतीचा व्यायाम वयस्कर मंडळींनी पायमोजे घालून गुळगुळीत टाइल्सवर करू नये, पाय सटकतो. अनवाणी, पायपुसण्यापासून दूर आणि शक्यतो पलंग हाताशी राहील असा करावा. आमच्या भिंतीवर माझ्या तळहातांचे दोन तेलकट डाग पडले आहेत. या दिवाळीत रंग काढावा लागेल असे सौ.चे म्हणणे आहे.